आधी पाणी

चि. इरा आणि अर्णव,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर इराने मला विचारलं, "आजी, तुझ्या लंगमधला डॉट मोठा झाला का गं?" लगेच तुमच्या बाबांनी मधेच परभणीत ऊन किती आहे ते विचारलं. परभणीत ऊन किती असतं हे त्याला जन्मापासून ठाऊक आहे. म्हणून ठरवलं, ही गोष्ट मीच तुम्हाला नीट, पहिल्यापासून सांगावी. येत्या सोमवारी माझा यंदाचा स्कॅन आहे. त्याच्या आत लिहून झालं पाहिजे. नंतर लिहायला बसले तर निकाल बघून मी मागचं सगळं शहाणपणाचं करून टाकीन. माझा स्वभाव मला माहीत आहे.

पण ठिपक्याबद्दल सांगायचं तर आधी डॉक्टर मुंजाजीबद्दल सांगावं लागेल. तो तुमच्या बाबांपेक्षा थोडाच मोठा, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करत असे. पेशंटसमोर मात्र "अहो डॉक्टर". तो मला सगळीकडे काकूच म्हणे.

मुंजाजी मूळचा बोरीचा. घरी मेंढरं. वडील आणि चुलते कळप घेऊन रानोमाळ फिरणारे, आणि हा शिकून एक्स-रे आणि सीटी स्कॅन वाचणारा डॉक्टर झालेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्याचं सेंटर. सीटीचं यंत्र म्हणजे एक भलामोठा गोल, मधे भोक. पेशंट आडवा होऊन त्यातून सरकतो आणि यंत्र त्याच्या अंगाचे पातळ काप केल्यासारखी चित्रं काढतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सकाळची तिथे जाऊन बसू लागले. माझं काम त्याच्या रिपोर्टांचं इंग्रजी सुधारायचं. हे काम मला कुणी दिलेलं नव्हतं. तुमचे आजोबा होते तेव्हा त्यांच्या रिपोर्टमधल्या चुका मी लाल शाईने दुरुस्त करून तो रिपोर्ट परत नेऊन दिला होता. मुंजाजीने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "काकू, रोजच येत जा की. इथं लाल शाईला काम लय हाय." मी ते आमंत्रण समजले आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर झाले. ते आमंत्रण होतं की टोमणा, हे मी त्याला कधीच विचारलं नाही.

दिसायला तो नवरदेवासारखा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात कंगवा, तोंडात बडीशेप. स्टुलावर एक पाय दुमडून बसे. स्वतःच्या हुशारीबद्दल त्याला काडीची शंका नव्हती आणि हुशारी तो लपवतही नसे. "या जिल्ह्यात माझ्याएवढं कुणाला दिसत न्हाई," असं तो सरळ म्हणे. शंका घ्यायची ती फक्त चित्रावर.

त्याच्याकडे रोजचा पहिला पेशंट म्हणजे पाणी. जाड पारदर्शक प्लास्टिकचं, डब्यासारखं गोल, पाण्याने भरलेलं बंद भांडं. बाहेर ओटीभर माणसं बसलेली असोत, मुंजाजी आधी केस विंचरणार, ते भांडं पेशंटसारखं टेबलावर ठेवणार आणि त्याचा स्कॅन काढणार. तोवर चहाही नाही. मी कप पुढे केला की म्हणायचा, "आधी पाणी." मला पहिले काही दिवस वाटलं, हा काहीतरी नवस असेल.

मग त्याने मला समजावलं. यंत्राच्या हिशेबात पाण्याचा आकडा शून्य. म्हणून पाण्याच्या चित्रावर तो माऊसने एक गोल काढायचा आणि आतल्या सगळ्या ठिपक्यांची सरासरी शून्याजवळ येते का बघायचा. पण प्रत्येक ठिपका काही शून्यावर बसत नाही. कुणी थोडा वर, कुणी थोडा खाली. मी म्हटलं, "म्हणजे प्रार्थनेला उभी केलेली शाळा. रांग सरळ असते, पण प्रत्येक पोरगं आपापल्या जागी चुळबुळ करत असतं." तो खूश झाला. "बस्स! ती चुळबुळ म्हंजे नॉईज. किती चुळबुळ हाय ते रोज मोजायचं. कालच्यापेक्षा जास्त झाली तर मास्तर कुटंतरी झोपलाय." चुळबुळ अजिबात नको असेल तर जास्त किरण द्यावे लागतात, आणि ते किरण जातात पेशंटच्या अंगात. म्हणून लहान मुलाचं चित्र तो मुद्दाम थोडं खरखरीत ठेवी. एका वडिलांनी तक्रार केली, तेव्हा म्हणाला, "दिसायचं तेवढं दिसायलंय. सुंदर फोटो काढायला इथं काय लग्न हाय का?"

एका सकाळी पाण्याच्या चित्रात मधोमध एक फिकट गोल कडी आली. मला दिसली नाही. त्याची टेक्निशियन सुनीता, तिलाही नाही. मुंजाजीने चित्र गडद केलं, फिकं केलं, खुर्ची मागे नेली, पुढे आणली आणि म्हणाला, "बंद करा. कंपनीच्या माणसाला फोन लावा." बाहेर गंगाखेडकडून जीप करून आलेला एक शेतकरी बसला होता, त्याच्या आईच्या डोक्याचा स्कॅन होता. तो वैतागला. "डॉक्टरसाब, कडीबिडी राहू द्या हो, एवढ्या लांबून आलोय. काढून टाका फोटो."

मी तोडगा सुचवला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या संकटांवर मी सुचवत आले तोच. "आपण रिपोर्टखाली तळटीप देऊ."

"काकू, तळटीप कोण वाचतं? तुमच्या मी बी वाचत न्हाई." मग त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसला. "मामा, पाण्याला आजार होत न्हाई. म्हणून पाण्यात कडी दिसली ती मशीनची, हे मला कळलं. हीच कडी मायच्या डोक्यात दिसली असती तर मी तिला कायतरी आजाराचं नाव दिलं असतं, आन तुमी माय घेऊन हैदराबादला गेला असता. चालतंय का?" त्या माणसाने आईकडे पाहिलं, आईने मुंजाजीकडे पाहिलं. "न्हाई चालत," ती म्हणाली. मुंजाजीने स्वतः फोन करून तिला सरकारी दवाखान्यातल्या मशीनवर पाठवलं. आमचं सेंटर त्या दिवशी बंद राहिलं आणि मी एकही चूक न सुधारता घरी आले.

दुसरा शत्रू म्हणजे धातू. गळ्यात, कानात, नाकात धातू असला की चित्रात पांढऱ्या-काळ्या रेघा फुटतात आणि त्यांच्यामागचं काहीच दिसत नाही. मंगळसूत्र काढायला बायका तयार नसत. राणीसावरगावची एक तरुण सून मानेच्या गाठीसाठी आली होती. नवरा परगावी कामाला, सासू सोबत. "धनी जिवंत असताना गळा मोकळा कामून करू?" म्हणून हटूनच बसली. मी तिला विज्ञानाचा दृष्टिकोन समजावून सांगितला. ती रडायला लागली. मुंजाजी आतून एक डबा घेऊन आला. त्यात पिवळ्या दोऱ्यात बांधलेली हळकुंडं. "हे घाला. माझ्या मायच्या गळ्यात जन्मभर हेच होतं. देवाला बी चालतंय, मशीनला बी चालतंय." सासूने स्वतः तिच्या गळ्यात दोरा बांधला आणि स्कॅन विनातक्रार पार पडला.

रिपोर्ट माझ्याकडे आला. चित्रात मानेबाहेर हळकुंड फिकट दिसत होतं, त्याचा उल्लेख हवा. मी पुष्कळ विचार करून लिहिलं, 'टर्मरिक ऱ्हायझोम, वॉर्न फॉर मॅरिटल रीझन्स', म्हणजे वैवाहिक कारणासाठी घातलेलं हळकुंड. औरंगाबादच्या सर्जनचा दुसऱ्या दिवशी फोन आला. पेशंटने ते गिळलंय का, असं विचारत होते. मुंजाजी त्यानंतर आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख 'मॅरिटल रीझन्सवाल्या काकू' अशी करून देत होता.

सुनीताच्या लग्नाचा अल्बम आला तेव्हा फोटोग्राफरने सगळ्यांचे चेहरे गुळगुळीत करून टाकले होते. मुंजाजीच्या हनुवटीवर लहानपणी मेंढ्याने दिलेल्या धडकेचा व्रण होता, तोही पुसला गेला होता. हा गृहस्थ अल्बम काखेत मारून दुकानात गेला आणि व्रण परत घेऊनच आला. पुढे सीटीतली खरखर पुसून देणारा प्रोग्रॅम विकायला एक तरुण आला, तर त्याच्यापुढे हेच दोन फोटो ठेवले. "हा इस्त्री केलेला मुंजाजी, हा खरा. तुमच्या प्रोग्रॅमला व्रण आन खरखर यातला फरक कळतोय, हे आधी मला दाखवा. मग बसू बोलत." तरुणाने काही चित्रं दाखवली, काही पटली, काही नाही. तो पुन्हा येतो म्हणून गेला. मी मात्र माझा इस्त्री केलेला फोटो मोठा करून घेतला. तुमच्या घरी भिंतीवर लावलाय तो तोच. मी तशी दिसत नाही.

आता आवाजाची गोष्ट. छातीचा स्कॅन काढताना क्षणभर श्वास रोखावा लागतो. हललात की चित्र फिसकटतं. यंत्रात त्यासाठी सूचना भरलेल्या असतात. त्याच्या यंत्रात त्या इंग्रजीत होत्या, बाईच्या आवाजात. मुंजाजी म्हणाला, "काकू, तुमचा आवाज भरू. तुमी शाळा गाजवली हाय." मी घरून सराव करून गेले आणि बोलले, "कृपया दीर्घ श्वास घ्या व तो रोखून धरा." फार सुंदर झालं होतं. पण मी बोलले की पेशंट मान वळवून बघत, कोण बोलतंय. बायका "घेतला बाई" म्हणून उत्तर देत. येलदरीचे एक म्हातारे मासेमार तर "जी बाई" म्हणून उठूनच बसायला लागले. मुंजाजीने मला आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. "बघा. दागिन्यांनी केला नसंल एवढा घोटाळा तुमच्या मराठीनं केलाय." माझा आवाज पुसला गेला. त्याने स्वतःचा भरला, मेंढरं हाकल्यासारखा. "दम घ्या. धरा. हलू नका, धरा. सोडा आता." एकही माणूस हलला नाही. मी मात्र त्या मासेमारांची नक्कल बरेच दिवस करत होते. "जी बाई" म्हणून उठून बसायची. तुमच्या बाबांनाही फोनवर करून दाखवली होती.

यानंतर माझी पाळी आली.

एका हिवाळ्यात माझा खोकला जाईना. मी तेव्हा पुण्याला भाचीकडे होते. तुमचे बाबा तिकडून म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन काढ, परभणीला थांबू नकोस. मलाही ते पटलं. मोठं शहर, मोठं मशीन. रिपोर्ट आला. उजव्या फुप्फुसात अगदी खाली एक संशयास्पद डाग, सुई घालून तुकडा काढून तपासावा. सुईची तारीखही ठरली. तुमच्या बाबांनी इकडे यायचं तिकीट काढलं. मी घरी आले, कपाटं आवरली, कोणती साडी कुणाला याच्या चिठ्ठ्या लावल्या. इरा, तुझ्या वाट्याला मोरपंखी आली होती. ती अजून तुझीच आहे.

मग सीडी घेऊन मुंजाजीकडे गेले. अपेक्षेप्रमाणे आधी टोमणा. "पुण्याची हवा मानवली का काकू?" मग तो माऊसने चित्रं सरकवत बघायला लागला. वर-खाली, वर-खाली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. माऊस सोडून त्याने विचारलं, "काकू, तुमी मशीनमधी काय बोलल्या का?"

"मी कशाला बोलू?"

"इथं बघा. एकाच बरगडीला दोन कडा. काळजाला दोन कडा. तुमी हललात. सुरुवातीलाच. मशीन खालून वर गेलंय, म्हणून खालचंच बिघडलंय."

"अरे, मी इंग्रजीची शिक्षिका. सूचना मला कळतात."

"तेच तर. कळली म्हणूनच बोलल्या. काय बोलल्या?"

मला आठवलं. लख्ख आठवलं. गुळगुळीत, सुसंस्कृत इंग्रजी आवाज आला होता, श्वास घ्या, रोखून धरा, प्लीज. इतक्या नम्रतेने कुणी काही सांगितलं तर काय म्हणायचं, हे मी चाळीस वर्षं पोरांना शिकवत आले होते.

"थँक यू म्हटलं," मी म्हणाले.

सुनीता तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. मुंजाजीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जी बाई," तो म्हणाला.

मी हसले, कारण मला वाटलं सुटले. "म्हणजे डाग नाहीच ना?"

"तसं कुटं म्हणलो?" त्याचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. "न्हाई असं म्हणलो न्हाई. दिसंना असं म्हणलो. ह्या दोन्हीत लय फरक हाय काकू. सुई घालायचीच तर जागा दिसल्यावर घालू द्या. उद्या या. उपाशी यायची गरज न्हाई. तोंड मात्र बंद पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पाण्याचा स्कॅन सकाळीच झालेला होता. माझ्यासाठी त्याने तो पुन्हा काढला. तुमच्या आजोबांनी दिलेली साखळी मला गळ्यातून काढायची होती. हळकुंडाच्या डब्याकडे त्याचा हात गेला आणि थांबला. मग त्याने साखळी घेतली आणि पाण्याच्या भांड्याच्या कडीला अडकवली. "पाणी सांभाळंल," म्हणाला. मी आडवी झाले. "दम घ्या. धरा. हलू नका, धरा." इतकं घट्ट कुणी काही धरलं नसेल.

चित्र आलं. बरगडीला एकच कडा. तो पसरट, भीतीदायक डाग नव्हता. त्याच्या जागी एक लहान, गोल, रेखीव ठिपका होता.

"हाय," मुंजाजी म्हणाला. "खरा हाय. लहान हाय. जुन्या दुखण्याची खूण वाटायलीय. पण 'वाटायलीय'ला मी इज्जत देत न्हाई. वाढतो का बघायचं. काही महिन्यांनी एकदा, मग दरसाल. हेच मशीन, हेच पाणी, हाच दम. म्हंजे बदल झाला तर तो तुमच्यात झाला असं म्हणता येईल."

पुण्याच्या डॉक्टरांनी नवी चित्रं पाहिली आणि त्यांनीही हेच म्हटलं. सुई टळली. तुमचे बाबा आले ते हुरडा खाऊन गेले. मला मात्र मुंजाजीचा राग आला होता. मला 'नाही' हवं होतं. इतकं नीट इंग्रजी लिहून दिलं त्याचं, एक 'नाही' देता आलं नाही त्याला? पण दरसाल तो माझी चित्रं शेजारी शेजारी लावून, ठिपका मोजून, एकच शब्द म्हणे, "तेवढाच." पुढे त्या शब्दावर माझं वर्ष निघायला लागलं.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते तो त्याच्याच यंत्रात आडवा झाला त्या दिवशी. पोटात दुखत होतं त्याकडे काही दिवस दुर्लक्ष केलं, मग एका दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर स्वतःच टेबलावर चढला. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून आधी तो काढून खुंटीला टांगला. सुनीता काचेमागे, मी तिच्या शेजारी. आतून आवाज आला, "सुनीते, पाणी घेतलं का?"

"सकाळीच घेतलं सर."

"परत घे."

म्हणून तो खाली उतरला, पाण्याचा स्कॅन झाला, पुन्हा चढला. मग त्याचाच आवाज त्याला म्हणाला, दम घ्या, धरा, हलू नका. त्याने धरला. सोडा आता म्हटल्यावर सोडला आणि म्हणाला, "लय दरडावतो की हा माणूस."

बाहेर येऊन त्याने केस विंचरले, स्टुलावर पाय दुमडून बसला आणि स्वतःची चित्रं बघितली. वर-खाली, वर-खाली. मी वाट बघत होते, आता म्हणेल कडी आहे, रेघा आहेत, हललो, दिसंना. त्याने गोल काढून खरखर मोजली, सवयीने. मग माझ्याकडे वळला.

"चित्र चांगलं आलंय काकू," म्हणाला. "शक घ्यायला कुटं जागाच न्हाई."

सुनीता रडायला लागली. तो उठला, पाण्याचं भांडं उचलून फडताळात ठेवलं, त्याच्यावर कापड टाकलं, धूळ बसू नये म्हणून टाकत असे तसं. "रिपोर्ट तुमीच टाईप करा," मला म्हणाला. "आन तळटीप नको." मग शर्ट घालून, पायऱ्यांवरून नेहमीसारखा बडीशेप चघळत खाली उतरला. हैदराबादला उपचारांना गेला तो परत आला नाही.

आता पुढचं. काल सोमवार होता. वरचं काहीही मी बदललेलं नाही, काही ऱ्हस्व-दीर्घ सोडून. स्कॅन झाला. सेंटर आता एक तरुण डॉक्टरीणबाई चालवतात. खरखर पुसणारा नवा प्रोग्रॅम त्यांनी घेतला आहे, पण न पुसलेलं चित्रही शेजारी ठेवतात. सुनीताने आधी पाणी घेतलं. साखळी भांड्याच्या कडीला अडकवली. यंत्रात अजून तोच आवाज आहे, बदलायचं कुणी नाव काढलेलं नाही. मी दम घेतला आणि धरला. "सोडा आता" झाल्यावर, टेबल थांबल्यावर, सगळं नीट संपल्यावर मी थँक यू म्हटलं. आता म्हणायला हरकत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षीचं आणि यंदाचं चित्र शेजारी शेजारी लावलं, ठिपका मोजला.

इरा, ठिपका आहे. तेवढाच आहे.